धरायला कुणी नाही

आमच्या दिराला बोलायला बाजार लागायचा. घरात तोंडातून शब्द निघायचा नाही, पण करमाळ्याच्या बाजारात चार माणसं भोवती जमली की गडी सुरू. त्या दिवशी मी खुरपी-विळे मांडून बसले होते आणि हा पलीकडच्या पालापाशी उभा राहून, मला नीट ऐकू येईल अशा बेतानं, एका गिऱ्हाइकाला सांगत होता,

“दादाचं डावं अंगच गेलं ना! धरायचा हात गेला. आता कसली भट्टी अन् कसलं काय. तुमचे कोयते माझ्याकडं आणा. वहिनी बी माझ्याकडंच येणार हायेत घणाला.”

“कुणाची वहिनी?” मी बसल्या जागेवरून विचारलं.

“तुम्हीच की.”

“मला अजून कुणी कळवलं न्हाई. बाजाराला आधी कळवलं व्हय?”

गिऱ्हाईक हसलं. पिराजी हसला नाही. पण थांबलाही नाही. पुढच्या पालावर गेला आणि तिथं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला, दादाचं अंग कसं गेलं, तोंड कसं वाकडं झालं, घास कसा गळतो. माझ्या नवऱ्याचा घास कसा गळतो ते मिरचीवालीला कशाला कळायला पाहिजे? पण कळलं. सगळ्या बाजाराला कळलं.

आम्ही घिसाडी. आमच्यात घण बाई घालते. नवरा भट्टीपाशी बसतो, डाव्या हातातल्या सांडशीनं लाल लोखंड ऐरणीवर धरतो, उजव्या हातातल्या हातोडीनं टुक करून दाखवतो, आणि तो दाखवील तिथं बाई उभ्यानं घण आपटते. नव्या माणसाला बघून नवल वाटतं, पण आमच्या आया-आज्या हेच करत आल्या. मात्र भट्टी म्हणायची ती धरणाऱ्याची. गिऱ्हाईक त्याचं, नाव त्याचं. धरणारा उठला की घण म्हणजे नुसतं वजन उरतं.

आणि आमच्या घरातला धरणारा खाटेवर पडला होता. मुलगी नांदायला गेलेली, मुलगा पुण्याकडं कंपनीत. त्याला भट्टीच्या धुराचा वाससुद्धा नको होता.

संध्याकाळी पिराजी घरी आला. मागोमाग त्याची बायको गोदा. ती दारातच बसली.

“वहिनी, पुढच्या सोमवारपासनं या. मी धरतो, तुम्ही घाला. दोन घरं एका भट्टीवर जगतील. दादाच्या औषधापाण्याचं बी मी बघतो.”

“आणि माझी भट्टी?”

“विझवायची. धरणार कोण तिथं?”

“बघीन मी.”

“काय बघणार? धरायला माणूस लागतो, वहिनी. खुंटीला टांगून का घण घालता येतो?”

मी ह्यांच्याकडं बघितलं. माझा नवरा आढ्याकडं बघत होता. झटका आल्यापासून बोलणं जवळजवळ बंदच होतं. जीभ जड झाली होती म्हणून की बोलावंसं वाटत नव्हतं म्हणून, ते मला कळत नव्हतं. पण कान शाबूत होते. भाऊ आपली भट्टी विझवायचं बोलतोय हे त्यांनी ऐकलं आणि आढ्याकडंच बघत राहिले. ते मला पिराजीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

“सोमवार लांब हाय,” मी म्हटलं. “च्या घेणार का?”

माझ्या डोक्यात ट्रॅक्टरच्या गॅरेजमधला एक मिस्तरी होता. बाजाराला जाता-येता मी त्याला बघायची. एकटाच असायचा. लोखंडी दांडा आडवा कापायचा, कानस मारायचा, आणि धरायला कुणी नसायचं. दांडा दोन लोखंडी जबड्यांत. दांडी फिरवली की जबडे आवळायचे, आतली वस्तू जागची हलायची नाही. त्याला वाइस म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी खुरप्यांचं गाठोडं घेऊन मी करमाळ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार तरणा, कपाळाला गंध.

“काय पाहिजे मावशी? खिळे?”

“वाइस.”

“कुणासाठी?”

“माझ्यासाठी. तुला काय, लग्नात आहेर करू?”

त्यानं तीन वाइस काढून फरशीवर मांडले. तिन्ही निळ्या रंगाचे, तेल लावून चकचकीत. मी रंग बघायला आले नव्हते. पहिल्याचे जबडे मिटवले आणि उजेडाकडं धरायला लावले. वरून मिटलेले, खालून फट. म्हणजे पातळ पातं धरलं की वर आवळणार आणि खाली लटपटणार. तो बाजूला सारला. दुसऱ्याचा पुढचा जबडा मुठीत धरून हलवला, तर म्हाताऱ्याच्या दातासारखा खुळखुळला. तो बी सारला. तिसऱ्याची दांडी फिरवली. घट्ट होती, पण अडत नव्हती. जबडे सरळ येऊन मिटले, मधून उजेड दिसला नाही, हलवला तर हलला नाही.

“मावशी, तुम्ही तर मुलगी बघायला आल्यासारखं करताय!”

“मुलगी परत धाडता येते. घण खाईल का हा?”

“याच्यावर रेल्वे उभी करा.”

“रेल्वे माझ्या दारावरनं जात न्हाई. घण खाईल का तेवढं सांग.”

“खाईल की. लोखंडच आहे.”

लोखंडच आहे! हे सांगणाऱ्यानं आयुष्यात लोखंड फक्त वजन करून विकलं होतं. पण तेव्हा मी त्याच्या बोलण्यावर गेले. खुरप्यांचं गाठोडं त्याच्या फरशीवर सोडलं, त्यानं खुरप्यांची धार बोटानं बघितली आणि सौदा झाला.

वाइस डोक्यावर घेऊन मी यष्टीत चढले. कंडक्टर म्हणाला, “मावशी, त्या पोत्यात काय?”

“गडी हाय. तिकीट फाडू नको, जेवत न्हाई.”

भट्टीपाशी बाभळीचा ओंडका पुरलेला होता, माझ्या कोपराएवढा उंच. तापवलेल्या सळईनं त्यात भोकं पाडली आणि वाइस बरोबर मधोमध आवळून बसवला. मग भट्टी पेटवली, मोटारीच्या पाट्याचा तुकडा लाल केला, वाइसात उभा धरला, पदर खोचला आणि घण उचलला. ह्यांची खाट मी मुद्दाम दारात ओढून ठेवली होती. बघू देत म्हटलं, धरणारा मिळतो की नाही.

पिराजीही आला होता. त्याला बातमी लागल्याशिवाय राहते का? गोदाही होती.

पहिला घाव बसला. दुसरा बसला. माझ्या अंगात जोर आला. इतक्या दिवसांत घण हातात घेतला नव्हता. पुढचा घाव मी अंगातल्या सगळ्या जोरानं घातला आणि काचेचं भांडं फुटावं तसा आवाज झाला. जबड्याचा कोपरा उडून पिराजीच्या पायाशी जाऊन पडला.

त्यानं तो उचलला, तळव्यावर ठेवून बघितला.

“वहिनी, गडी तर दातात कच्चा निघाला!”

आणि तो तुकडा ऐरणीवर टाकून खो खो हसला. हसता हसता म्हणाला, “सोमवारी या. लवकर या.”

तो गेला. गोदा मागं रेंगाळली, मला काहीतरी सांगायचं तिच्या मनात होतं, पण त्यानं हाक मारली तशी गेली. मी घण खाली टाकला आणि त्या वाइसाकडं बघत उभी राहिले. रडले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही, भूक लागते. मी आत जाऊन भाकरी घेतली, तर मागून आवाज आला.

“ओतीव.”

मी वळले. ह्यांनी मान माझ्याकडं केली होती.

“काय म्हणालात?”

“ओतीव लोखंड ते.” एकेक शब्द दगड उचलल्यासारखा उचलत होते. “मार झेलत न्हाई.”

“मग कशाला विकतात मेले?”

“माणूस धरतो तवा... हात दबतो. घावाबरोबर खाली जातो. ते न्हाई दबत.”

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी घण घातला, आणि दर घावाला समोरचा हात थोडा खाली जाऊन तो घाव पिऊन घेत होता. मला वाटायचं, धरायचं म्हणजे काय, नुसतं घट्ट धरायचं. आमच्यातली कुणीही बाई असती तरी तिलाही तेच वाटलं असतं.

“मग घाव घालायचा न्हाई तर त्या वाइसाचं करायचं काय? पूजा?”

त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. हसू होतं ते.

“कानस,” म्हणाले. “कानस मारायला धरतं ते.” मग फुटक्या वाइसाकडं मान करून, “कोपरा कुठाय? सवागी आण.”

सवागी म्हणजे टाकणखार, सांधा जोडायला लागतो तो. फुटकं लोखंड पितळेनं सांधायचं काम ते पूर्वी करायचे. मी त्यांना उठवून उशांना टेकवलं. ते सांगतील तसं करत गेले. पुढचा जबडा फिरवून बाहेर काढला. फुटलेल्या दोन्ही बाजू कानशीनं पांढऱ्या होईस्तोवर घासल्या. कोपरा जागेवर ठेवून तारेनं करकचून बांधला. सवागीचा लेप दिला. एका मोडक्या घंटेचं पितळ बारीक करून सांध्यावर ठेवलं, सगळं निखाऱ्यात पुरलं आणि भट्टीचा पंखा फिरवायला लागले.

“पंखा हळू,” ते म्हणाले. “हळू, म्हटलं! लग्नाची वरात हाय का?”

मला शिवी दिली असती तरी इतका आनंद झाला नसता. मी पंखा हळू केला. निखाऱ्यात बघून रंग ते ओळखत होते. मला दिसत होतं फक्त लाल, त्यांना त्यात कितीतरी लाल दिसत होते. एकदम म्हणाले, “पळालं!” आणि खरंच, पितळ पाण्यासारखं सांध्यातून पळालं.

मी सवयीनं पाण्याची बादली ओढली.

“पाणी न्हाई! तडकंल. राखेत पुरून ठेव.”

सकाळी राखेतून काढला तेव्हा जबड्यावर तिरपी पिवळी रेघ होती, कपाळावर गंध ओढल्यासारखी. हातोडीनं टिचकी मारून बघितली. खणखणीत.

मग मी ओंडका उपटला. त्याच्या बुडाखालचा खड्डा खोल केला आणि परत पुरला. या वेळेला वाइस मधोमध नाही बसवला. ओंडक्याच्या कडेला बसवला, मागचा जबडा लाकडाच्या बाहेर येईल असा, म्हणजे लांब कोयता उभा धरला तर त्याची मूठ खाली मोकळी लटकेल, लाकडाला अडणार नाही. हे मला गॅरेजच्या मिस्तऱ्यानं सांगितलं नाही, फुकटात दाखवलं. मी पुन्हा जाऊन त्याचा वाइस नीट बघून आले होते.

गोदा पाणी भरून जाताना थांबली. “आक्का, हे लईच ठेंगणं झालं. वाकून वाकून कंबर जाईल तुमची.”

“जाऊ दे की. तुला काय, झोका बांधायचाय माझ्या कंबरेला?”

तिला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पिराजीलाही तेच वाटलं असणार, कारण संध्याकाळपर्यंत पाराजवळ बोलणं सुरू झालं, हरीभाऊच्या बायकोनं वाइस पोराटोरांच्या उंचीला बसवलाय.

सोमवार उजाडला. मी ह्यांना आंघोळ घातली, धुतलेला सदरा घातला, आणि शेजारच्या सुताराला हाक मारून दोघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्ची ओंडक्यापुढं आणून ठेवली. वाइस बरोबर त्यांच्या उजव्या कोपराच्या उंचीला आला. मी त्यात जुना कोयता धरला, आवळला, आणि कानस त्यांच्या उजव्या हातात दिली.

त्यांनी वाइसाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग कानस पात्यावर टेकवली आणि ओढली.

पहिल्या दिवशी घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी मला ओरडले, कोयता वाकडा आवळलास म्हणून. मला समजलं, आता पितळ पळालं.

मी पिराजीकडं गेले नाही. कारखान्याचा हंगाम तोंडावर होता, ऊसतोडीच्या टोळ्या येत होत्या, आणि प्रत्येक टोळीचे कोयते बोथट. मी मुठी बदलायची, वाकलेली पाती सरळ करायची, हे धार काढायचे. ह्यांच्या कानशीची धार अशी की तोडणारे दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचाही कोयता घेऊन यायचे. बीडकडचा एक मुकादम होता, मुंजाजी सानप, आडदांड माणूस. त्यानं आपल्या टोळीचे सगळे कोयते माझ्या दारात आणून टाकले.

न्यायला आला तेव्हा पात्यांवर अंगठा फिरवत म्हणाला, “मावशी, नवे कोयते बी लागत्यात. दोन टोळ्यांचे. करता का?”

नवे कोयते म्हणजे घण. नवे म्हणजे धरणारा. वाइस कानशीसाठी धरतो, घणासाठी नाही.

मी बोलायच्या आत पिराजी बोलला. तो कधी आला होता मला कळलंच नाही. गोदाही होती, त्याच्या मागं.

“मुकादम, नवे कोयते मी करून देतो. दादा काय, बसून घासू शकतो. घण-धरण माझ्याकडं. वहिनी येतील घणाला.”

“मी?”

“तुम्ही, वहिनी. आता तरी ऐका.”

मुंजाजीनं पिराजीच्या मागं बघितलं. “घणाला तुझी बायको हाय की रं! मावशीला कशाला ओढतो? का दोन-दोन घणकरणी लागत्यात तुला?”

 बाजारात ज्याचं तोंड मिटत नाही तो गडी मानेवरचा घाम पुसायला लागला.

“बोल की,” मुंजाजी म्हणाला.

“तिला... तिला घरातली कामं असत्यात.”

गोदा पुढं आली. “काम-बिम न्हाई, मुकादम. माझा खांदा गेलाय.”

“गोदे!”

“ओरडू नगा. किती दिवस लपवायचं?” तिनं उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. तो छातीच्या वर जाईना. डोक्यावरचा पदर तिनं डाव्या हातानं सारखा केला. “आखाडापासनं गेलाय. दादांना झटका यायच्या आधीपासनं. आमची भट्टी तवापासनंच थंड हाय, आक्का. ह्यांनी कुणाला सांगू दिलं न्हाई. म्हणाले, बायकोच्यानं घण उचलत न्हाई कळलं तर गिऱ्हाईक तोंड फिरवंल.”

मुंजाजी खाली बघायला लागला. ह्यांची कानस थांबली.

मला एकदम सगळं दिसलं. पालापालाशी उभा राहून दादाचा हात, दादाचं तोंड, दादाचा घास. माझ्या घरात बसून औषधपाण्याचं बोलणं. आणि त्या दिवशी माझा वाइस फुटला तेव्हाचं त्याचं हसणं. तेव्हा मला वाटलं, माझ्या फजितीला हसला. नाही. आता मी घणाला येणार म्हणून सुटल्यासारखा हसला होता.

“वहिनी,” पिराजी हळू आवाजात म्हणाला, “घरची गोष्ट हाय. आत बोलू.”

“आत कशाला? दादाची गोष्ट तुम्ही बाजारात बोललात.”

मी गोदाला माझ्याजवळ ओढलं, तिला ओंडक्याशेजारी बसवलं आणि तिच्या डाव्या हातात कोयत्याची एक मूठ दिली. मग त्याच्याकडं वळले. मुकादम उभा होता, त्याची दोन माणसं उभी होती, सुतार कुंपणावरून बघत होता. मला बरंच वाटलं, ऐकायला माणसं होती.

“भाऊजी, तुम्ही लबाड असता तर मी केव्हाच तुमचा नाद सोडला असता. तुम्ही लबाड न्हाई. तुम्ही भित्रे आहात. बायकोचा खांदा गेला हे कुणाला कळू नये म्हणून तुम्ही भावाचा हात बाजारभर मिरवलात. मदत मागायला आला होतात आणि उपकार करायला आल्यावानी बोललात. हात जोडून आला असता तर मी त्याच दिवशी घण घेऊन तुमच्या दारात आले असते. आता येणार न्हाई. मुकादमाचे कोयते मी घेते. घण मी घालीन, माझ्या भट्टीवर. धरायला उद्या सकाळी तुम्ही इथं यायचं, स्वतःची सांडशी घेऊन. गोदाला तिच्या खांद्याला झेपंल तेवढं काम आणि तिचा वाटा तिच्या हातात. आणि गिऱ्हाइकानं विचारलं, भट्टी कुणाची, तर तुमच्या दादाचं नाव सांगायचं. मोठ्यानं सांगायचं. तोंड देवानं दिलंच हाय तुम्हाला, एकदा तरी कामाला लावा.”